पाण्यासाठी राखलेले रान आणि त्याच्या काठच्या सोप्या वाटा

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याची राजधानी असलेल्या मेलबर्न शहरापासून मोटारीने तासा-दीड तासाच्या अंतरावर, ईशान्येला आणि पूर्वेला, उंच निलगिरींनी झाकलेली एक डोंगररांग पसरलेली आहे आणि शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा या डोंगरांवर पडणाऱ्या पावसातूनच येतो. मेलबर्नमधून वाहणारी यारा नदी, तसेच वॉट्स आणि ओशॅनसी या तिच्या उपनद्या याच रानात उगम पावतात. ज्या भूभागावर पडलेले पाणी उतारांवरून वाहत येऊन एखाद्या नदीला किंवा जलाशयाला मिळते त्या भूभागाला पाणलोट क्षेत्र म्हणतात. मेलबर्नने अशी दीड लाख हेक्टरांहून अधिक वनाच्छादित पाणलोट क्षेत्रे वस्ती आणि शेतीपासून मोकळी राखली असून, त्यांतील बहुतेक भागात सामान्य माणसाला पाऊल टाकण्यासही मनाई आहे. एवढे असूनही रविवारी सहकुटुंब चालायला जाणाऱ्यांची गर्दी याच डोंगरांकडे वळते. याचे कारण असे की, बंद रानाच्या काठाकाठाने, बंधाऱ्यांपाशी, धरणांच्या पायथ्याशी आणि जुन्या पाटांच्या कडेने, मुलांना आणि वयस्कांना झेपतील अशा कितीतरी वाटा येथे आहेत. त्यांतील बऱ्याच वाटा हौशी भटक्यांसाठी आखलेल्याच नव्हत्या. त्या पाण्यासाठी पडल्या आणि पाण्याच्या गरजेमुळेच त्या सोप्या झाल्या.

पाणलोट बंद ठेवण्याचे हे धोरण एका दिवसात ठरले नाही. १८३५ मध्ये वसलेल्या मेलबर्नची लोकसंख्या १८५१ नंतरच्या सोन्याच्या शोधामुळे झपाट्याने वाढली आणि शहराच्या मधून वाहणारी यारा सांडपाण्याने व कारखान्यांच्या घाणीने इतकी खराब झाली की पाण्यासाठी दूरच्या डोंगरांकडे पाहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. शहराच्या उत्तरेला यान यीन येथे बांधलेल्या जलाशयाचे पाणी १८५७ च्या अखेरीस शहरात आले. त्या योजनेचा आराखडा जेम्स ब्लॅकबर्न या स्थापत्यज्ञाचा होता, जो १८३३ मध्ये बनावट कागदपत्रांच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन काळ्या पाण्यावर आलेला कैदी होता. मुंबईचा विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला, म्हणजे ही दोन्ही शहरे नळाच्या पाण्याला जवळजवळ एकाच वेळी सरावली. पुढे विहार आणि तुळशी हे तलाव ज्या रानात आहेत ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान झाले आणि मेलबर्नच्या पाणलोटाचा मोठा भाग १९९५ मध्ये यारा रेंजेस राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाला. पाण्यासाठी राखलेले रान शेवटी वन्यजीवांच्याही उपयोगी पडते, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे.

या धोरणाची किंमत मात्र कोणीतरी मोजलेली असते. हील्सविल या गावाच्या पुढे, ब्लॅक स्पर नावाच्या घाटाच्या पायथ्याशी, वॉट्स नदीकाठी फर्नशॉ नावाचे एक छोटे गाव होते. तेथे घरे होती, शाळा होती, आणि वृक्षनेच्यांच्या दऱ्या पाहायला येणाऱ्या प्रवाशांसाठी खाणावळीही होत्या. (वृक्षनेचे म्हणजे खोड असलेले, छत्रीसारखा पर्णसंभार मिरवणारे नेचे, जे माणसाच्या उंचीच्या दुपटी-तिपटीपर्यंत सहज वाढतात.) वॉट्स नदीचे पाणी शहराला द्यायचे ठरल्यावर, नदीच्या काठी वस्ती असणे योग्य नाही म्हणून १८९० च्या सुमारास गावकऱ्यांच्या मालमत्ता विकत घेऊन गाव हटवण्यात आले आणि घरे पाडून टाकण्यात आली. धरणाच्या बुडिताखाली गेलेली गावे मराठी वाचकाला ठाऊक आहेत. फर्नशॉ बुडाले नाही, ते केवळ पाण्याच्या वाटेत होते. आज तेथे हमरस्त्यालगत बसण्या-जेवण्याची सोय असलेले एक मोकळे पटांगण आहे आणि स्थानिक झाडांत उठून दिसणारे काही युरोपीय वृक्ष तेवढे जुन्या वस्तीची साक्ष देतात. त्याही आधी हा सगळा मुलूख वुरुंजेरी या आदिवासी समाजाचा होता आणि त्यांनाही येथून विस्थापित व्हावे लागले होते, हे विसरून या रानाच्या शुद्धतेचे कौतुक करणे अपुरे ठरेल.

इतकी कडक बंदी कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. माणसे आणि गुरे यांच्या विष्ठेतून पाण्यात उतरणारे काही सूक्ष्मजीव आतड्यांचे गंभीर विकार निर्माण करतात, आणि त्यांतील क्रिप्टोस्पोरिडियम हा जीव तर नेहमीच्या क्लोरीनलाही दाद देत नाही. पाणलोटात वस्ती, गुरे आणि शेती नसेल तर हा धोका मुळातच कमी राहतो. त्यातून पाणी मोठ्या जलाशयात दीर्घकाळ स्थिर राहिले की गाळ खाली बसतो आणि ऊन व काळ मिळून बरेच जंतू निकामी करतात. म्हणूनच बंद पाणलोटातून येणाऱ्या मेलबर्नच्या पाण्याला मोठ्या गाळण यंत्रणेची गरज पडत नाही, निर्जंतुकीकरण आणि किरकोळ संस्कार पुरतात. याउलट यारा नदी जेव्हा द्राक्षमळे, कुरणे आणि गावे ओलांडून खाली येते तेव्हा तिचे पाणी यरिंगच्या घळीपाशी उपसून १९८१ मध्ये बांधलेल्या शुगरलोफ जलाशयात घेतले जाते आणि तेथील शुद्धीकरण केंद्रात पूर्णपणे गाळल्याशिवाय ते नळाला सोडता येत नाही. नदी एकच असताना रान जेथे संपते तेथून शुद्धीकरणाचा खर्च सुरू होतो.

आता वाटांकडे वळता येईल. डोंगरातले पाणी पंपाशिवाय, केवळ गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर शहरापर्यंत न्यायचे, तर पाटाला सतत पण अतिशय मंद उतार द्यावा लागतो. उतार वाढला तर पाणी काठ खाते, नाहीसा झाला तर पाणी अडते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी येथील अभियंत्यांनी समोच्च रेषा, म्हणजे डोंगरावरील सारख्या उंचीच्या ठिकाणांना जोडणारी कल्पित रेषा, धरून पाट खोदले, आणि ते प्रत्येक ओहोळाशी आत वळत, प्रत्येक सोंडेशी बाहेर येत, सरळ रेषेपेक्षा कितीतरी लांबून शहराकडे गेले. १८९१ मध्ये सुरू झालेला मरूंडा पाट सुमारे ६६ किलोमीटर लांबीचा होता, आणि त्यात उघडे कालवे, बोगदे व दऱ्या ओलांडणारे नळ असे तिन्ही प्रकार होते. पाटाच्या कडेने राखणदारांना रोज फेरी मारावी लागे, पडलेली पाने-फांद्या काढाव्या लागत, खचलेला काठ सावरावा लागे, म्हणून पाटासोबत एक सपाट पायवाटही जन्माला आली. डोंगराच्या अंगावर असूनही चढ-उतार जवळजवळ नसलेली वाट निसर्गात सहसा सापडत नाही. ती अशी माणसाच्या दुसऱ्याच कुठल्यातरी उद्योगातून हाती लागते.

या प्रकारची सर्वांत देखणी वाट म्हणजे वॉरबर्टन गावाच्या वरच्या अंगाने जाणारी ओशॅनसी पाटाची वाट. ओशॅनसी नदीचे पाणी आणणारा हा पाट १९११ ते १९१४ या काळात बांधला गेला, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचा वापर थांबला आणि त्याच्या कडेची सुमारे ३० किलोमीटरची वाट चालणाऱ्यांना व सायकलस्वारांना खुली झाली. एका हाताला डोंगराची ओली कड, तिच्यावर शेवाळ आणि लहान नेचे; दुसऱ्या हाताला कोरडा पडलेला पाट, ज्याच्या अस्तरावर निलगिरीच्या सालींच्या लांबच लांब पट्ट्या आणि वर्षानुवर्षांचा पालापाचोळा साचलेला आहे; आणि पाटापलीकडे खालच्या उतारावरील वृक्षांचे शेंडे, जे जमिनीवरून पाहणाऱ्याला कधी धड दिसत नाहीत पण येथे नजरेच्या पातळीवर येतात. मध्येच पाणी सोडण्या-अडवण्याची जुनी लोखंडी दारे लागतात, ओहोळ ओलांडणारे छोटे पूल लागतात. वाटेला अनेक ठिकाणांहून शिरता येते, त्यामुळे तासाभराची चाल असो की दिवसभराची, ज्याने त्याने आपल्या वकुबाप्रमाणे तुकडा निवडावा. एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: वॉरबर्टन गाव नदीकाठी खाली आहे आणि पाट वर आहे, तेव्हा गावातून पायी पाटापर्यंत पोहोचण्याचा चढ चांगलाच दम काढतो, आणि या वाटेवरचे सगळे कष्ट त्या जोडवाटेतच संपतात. ज्यांना तोही नको असेल त्यांच्यासाठी गावातूनच लिलीडेलकडे जाणारी सुमारे ४० किलोमीटरची जुनी लोहमार्गाची वाट आहे. १९०१ मध्ये सुरू झालेला हा रेल्वेफाटा १९६५ मध्ये बंद पडला, रूळ निघाले, आणि आगगाडीलाही चढ सोसत नसल्यामुळे मागे राहिलेली वाट अशीच सपाट आहे.

हील्सविलच्या बाजूला चालण्याचे स्वरूप वेगळे आहे. वॉट्स नदीवरील ४१ मीटर उंचीचे मरूंडा धरण १९२७ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या पायथ्याशी त्या काळच्या अभिरुचीला साजेसे युरोपीय पद्धतीचे उद्यान करण्यात आले. तेथून गुलाबांच्या पायऱ्या चढून भिंतीच्या माथ्यावर जाता येते. एका अंगाला इंग्रजी वळणाची हिरवळ आणि दुसऱ्या अंगाला पाण्यापलीकडचे निषिद्ध रान, ही जोडी जरा विसंगतच आहे, पण त्या विसंगतीतच या प्रदेशाचा इतिहास वाचता येतो. जवळच डॉनेलीज बंधारा आहे. बंधारा हा धरणापेक्षा ठेंगणा, पाणी साठवण्यापेक्षा ते वळवण्यासाठी घातलेला बांध असतो; डॉनेलीज येथील बांधापर्यंतची चाल सहज होते, आणि क्वीन्सलंडमधील कुकटाउनपासून येणाऱ्या, ५,३३० किलोमीटर लांबीच्या बायसेंटेनियल नॅशनल ट्रेल या दीर्घ वाटेचे दक्षिण टोकही येथेच आहे. ज्या ठिकाणी मुले आणि आजीआजोबा डबे उघडून बसलेले असतात, तेथेच कोणीतरी महिनोन्महिन्यांची पायपीट किंवा घोडेस्वारी संपवत असतो.

बॅजर ओढ्यावरील बंधाऱ्याची वाट त्याहून छोटी आणि सावलीची आहे. ओल्या दरीतून, वृक्षनेच्यांच्या छायेतून जाणाऱ्या या वाटेवर लायरबर्ड दिसण्याची शक्यता बरी असते. हा कोंबड्याएवढा, तपकिरी, जमिनीवर पाला उकरत फिरणारा पक्षी इतर पक्ष्यांच्या आवाजांची इतकी हुबेहूब नक्कल करतो की पाच-सहा जातींचे पक्षी एकाच झुडपात बोलत आहेत असे वाटते. नराचे गायन हिवाळ्यात, म्हणजे तेथील जून ते ऑगस्टमध्ये, भरात असते. याच ओढ्याच्या परिसरात १८६३ मध्ये कोरँडर्क ही वुरुंजेरी आणि त्यांच्या शेजारच्या समाजांची वसाहत स्थापन झाली होती. तेथील लोकांनी शेती यशस्वी करून दाखवली, विल्यम बराक या त्यांच्या पुढाऱ्याने जमिनीच्या हक्कासाठी सरकारदरबारी दाद मागितली, पण वसाहत टिकू दिली गेली नाही आणि १९२४ मध्ये ती बंद करण्यात आली. त्या जमिनीच्या एका भागावर आज हील्सविलचे प्रसिद्ध प्राणी अभयारण्य आहे, जेथे १९४३ मध्ये प्लॅटिपसची बंदिवासातील पहिली पैदास झाली.

वॉरबर्टनच्या डोक्यावर असलेल्या, सुमारे १,२५० मीटर उंचीच्या डोना बुआंग डोंगराच्या वाटेवर वर्षावनाचा एक तुकडा आहे. तेथे जमिनीपासून उंचावर उभारलेल्या सज्जावरून वृक्षांचे माथे पाहता येतात, आणि खाली लाकडी-लोखंडी पुलवाट मर्टल बीच या प्राचीन वृक्षाच्या राईतून ओढ्याकाठी फिरवून आणते. मर्टल बीचचे भाऊबंद न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिकेत आढळतात, कारण ही सर्व भूमी एकेकाळी गोंडवन या एकाच महाखंडाचा भाग होती. त्याच महाखंडाचा भारतीय द्वीपकल्पही एक तुकडा आहे आणि त्याचे नाव गोंडांच्या प्रदेशावरूनच पडले. येथे पुलवाट सोडून खाली उतरण्यास मनाई आहे, ती केवळ शिस्तीपोटी नव्हे: या झाडाच्या सालीला किंवा मुळाला जखम झाली तर तीतून एक घातक बुरशी शिरते आणि झाड वाळते.

डोंगराच्या पायथ्याशी, पूर्व वॉरबर्टनजवळ, कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्षांची ओळींत लावलेली राई आहे. सरळसोट खोडांच्या रांगा आणि खाली पाचोळ्याशिवाय काही नाही, अशा या जागी छायाचित्रे काढणाऱ्यांची रीघ असते. पण ही झाडे शोभेसाठी लावलेली नाहीत. पाणलोटात कोणती झाडे लावली तर ओढ्याला किती पाणी मिळते, हे तपासण्यासाठी शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने १९३० च्या दशकात ती लावली, आणि त्यामागचा प्रश्न या सगळ्या रानाच्या मुळाशी आहे.

महाराष्ट्रात निलगिरीची ओळख बहुधा सामाजिक वनीकरणातली, जमिनीतले पाणी ओढून घेणारे परके झाड अशी आहे. मेलबर्नच्या पाणलोटावर ज्या निलगिरीचे राज्य आहे ती माउंटन अ‍ॅश ही जात जगातील सर्वांत उंच सपुष्प वनस्पतींपैकी एक आहे, आणि तिच्याबाबतीत पाण्याचा हिशेब झाडाच्या वयाप्रमाणे बदलतो. ही जात मोठ्या वणव्यात मरते. तिच्या शेंड्यावरील बोंडांतून राखेवर बी सांडते आणि एकाच वयाची लक्षावधी रोपे दाटीने उगवतात. १३ जानेवारी १९३९ या दिवशी, ज्याला तेथे ब्लॅक फ्रायडे म्हणतात, लागलेल्या वणव्यांत ७१ माणसे गेली आणि पाणलोटातील रानाचा मोठा भाग जळाला. त्यानंतरच्या दशकांत ओढ्यांचे पाणी घटत गेल्याचे नोंदींतून दिसू लागले. जॉर्ज कुझेरा या जलशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात या नोंदींवरून जो आलेख मांडला, त्यानुसार वणव्यानंतर पंचवीस-तीस वर्षांची तरुण राई इतके पाणी पिते की ओढ्याला मिळणारे पाणी जुन्या रानाच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास येते, आणि पूर्ववत व्हायला शतकाहून अधिक काळ लागतो. झाडे विरळ आणि प्रौढ झाली की पानांमधून हवेत जाणारे पाणी कमी होते, हे त्याचे कारण. थोडक्यात, म्हातारे रान पाणी देते आणि तरुण रान पाणी घेते. त्यामुळे पाणलोटात झाडे तोडू द्यावीत की नाही हा वाद तेथे केवळ पर्यावरणवाद्यांचा राहिला नाही, तो नळाच्या पाण्याचा झाला. मेलबर्नच्याच थॉमसन जलाशयाच्या पाणलोटात तर तोड अनेक दशके चालूच होती, आणि व्हिक्टोरियात नैसर्गिक जंगलातील व्यापारी लाकूडतोड थांबायला १ जानेवारी २०२४ हा दिवस उजाडावा लागला. जुन्या झाडांच्या ढोल्यांत राहणारा लेडबीटर्स पोसम हा इवलासा प्राणी, जो नामशेष झाला असे समजले जात असताना १९६१ मध्ये पुन्हा सापडला, त्यालाही या निर्णयाचा आधार झाला.

२००९ च्या फेब्रुवारीतील वणव्यांत १७३ माणसे दगावली आणि मेलबर्नच्या पाणलोटाचा जवळजवळ तिसरा हिस्सा आगीच्या तडाख्यात सापडला. हील्सविल-वॉरबर्टन भागात चालताना आजही मधूनच पांढरे पडलेले उभे खोड आणि त्याभोवती मनगटापासून मांडीएवढ्या जाडीच्या, काठ्यांसारख्या सरळ झाडांची खच्चून भरलेली राई दिसते. कुझेराच्या आलेखातील सर्वांत तहानलेल्या टप्प्याकडे वाटचाल करणारे तरुण रान ते हेच, आणि ते वाटेवरून नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते.

राहता राहिली व्यवहाराची बाजू. ऑस्ट्रेलियात रानवाटांना एक ते पाच अशा श्रेणी दिलेल्या असतात: पहिल्या श्रेणीत पायऱ्या नसतात आणि मदतीला कोणी असेल तर चाकांच्या खुर्चीतूनही जाता येते, दुसरीला रानात चालण्याचा पूर्वानुभव लागत नाही, आणि तिसरीपासून चढ व पायऱ्या वाढू लागतात. सोपी चाल हवी असणाऱ्याने पहिल्या दोहोंत राहावे आणि पाटी वाचूनच पुढे जावे. तेथील ऋतू उलटे असल्याने डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळ्याचा, वणव्याचा आणि सापांचा काळ, ज्यात आगीचा धोका अतितीव्र असल्याचे जाहीर झाले की उद्याने सरळ बंद केली जातात. महाराष्ट्रातून नाताळच्या सुटीत मुलाबाळांकडे जाणाऱ्या पालकांनी हे आधी पाहिलेले बरे. पावसाळी दिवसांत जळवा लागतात, ज्यांचे सह्याद्रीत भटकलेल्याला काही नवल नाही. जोराच्या वाऱ्यात मोठ्या निलगिरीखाली मात्र बसू नये, कारण ती वाळलेल्या जड फांद्या वरून टाकते. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने सर्वांना मानवतात. जुलै-ऑगस्टमध्ये डोना बुआंगवर हिमही पडते. मेलबर्नहून लिलीडेलपर्यंत लोकल आणि पुढे बस मिळते, परंतु बंधाऱ्यांपर्यंत शेवटची मजल मोटारीचीच. राष्ट्रीय उद्यानात कुत्रा नेता येत नाही. बंद पाणलोटांतील जलाशयांत पोहणे, मासे धरणे, होडी घालणे यांपैकी काहीच चालत नाही, आणि कुंपणापलीकडे गेलेल्याला दंड होतो. जलाशयांच्या उद्यानांची फाटके ठरलेल्या वेळी बंद होतात व ही वेळ ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून गाडी लावतानाच ती पाहून ठेवावी.